बॉम्ब शेल्टरमधले गहू

मी नोकरी करायचे ती धान्याच्या कंपनीत, पण सिंगापूरच्या त्या ऑफिसात मी गव्हाचा दाणा कधी पाहिला नाही. गहू कॅनडात पिकायचा, जहाजातून इंडोनेशियात उतरायचा आणि आमच्या मजल्यावरून नुसते त्याचे आकडे जायचे. मी अकाउंटंट. जहाजभर गहू माझ्या स्क्रीनवरच्या एका ओळीत मावायचा, आणि घरच्या चपात्यांसाठी मी आमच्या टॅम्पिनीस भागातल्या सुपरमार्केटातून पिठाची पिशवी आणायचे. यात हसण्यासारखं काही आहे, असं सासरे येईपर्यंत मला वाटलं नव्हतं.

सासऱ्यांना मी मामा म्हणते, आमच्या बार्शीकडच्या पद्धतीनं. मामा तालुक्याच्या सरकारी धान्य गोदामावर गोदामपाल होते आणि सगळी हयात त्यांनी पोत्यांच्या थप्प्यांमध्ये काढली. नवं शतक नुकतंच लागलं होतं तेव्हाची ही गोष्ट. सासूबाई गेल्या आणि मामा घरात एकटे उरले. काही दिवसांनी शेजारच्यांचा फोन आला, की तुमचे वडील स्वयंपाक करत नाहीत, दोन्ही वेळेला चहात बिस्किटं बुडवून खातात. माझा नवरा मरीन इंजिनिअर. तो तेव्हा नशिबानं सुट्टीवर होता. जाऊन वडिलांना घेऊन आला, त्यांचा इथं राहायचा लाँग टर्म पास काढला आणि बोटीवर निघून गेला. जाताना दारात मला म्हणाला, "काहीही कर, पण त्यांना परत जाऊ देऊ नकोस. तिकडे एकटे राहिले तर फार दिवस काढायचे नाहीत."

सांगायला काय जातंय. बोटीवर बसून सांगणं सोपं असतं.

मामा आमच्याकडे पाहुण्यासारखे राहायला लागले. बॅग पलंगाखाली, तिला पितळी कुलूप. सकाळी कुलूप उघडून सदरा काढायचा, धुतलेला सदरा घडी घालून परत बॅगेत ठेवायचा आणि कुलूप लावायचं. मी रिकामं करून दिलेलं कपाट रिकामंच. परतीचं तिकीट बंडीच्या खिशात. चहा हवा असेल तर "तुला सवड असली तर" अशी सुरुवात. मला या सवडीचा असा राग यायचा की विचारू नका. उलट बोलले असते, स्वयंपाकाला नावं ठेवली असती तरी चाललं असतं, निदान घरचे वाटले असते. खरं सांगायचं तर मलाही ते हवे होते. नवरा समुद्रावर, लेक प्रायमरी थ्रीत, म्हणजे तिसरीत, दिवसभर शाळा आणि ट्यूशन. ऑफिसातून आल्यावर घरात मोठ्या माणसाचं खोकणं ऐकू आलं की मला धीर यायचा.

त्यांची कळी पहिल्यांदा खुलली ती एका कॅलेंडरमुळे. कॅनडातला एक गहूवाला व्यापारी दरवर्षी आमच्या ऑफिसला कॅलेंडर पाठवायचा. त्यात दर महिन्याला एकच प्रकारचं चित्र असायचं: सपाट माळरान, रेल्वेचा रूळ आणि रुळाच्या कडेला एक उंच लाकडी इमारत. ऑफिसात ते कुणालाच नको असायचं, म्हणून मी घरी आणलं. मामांनी ते पाहिलं आणि विचारलं, "हे देऊळ कुणाचं?"

मी म्हटलं, देऊळ नाही, गोदाम आहे. त्याला एलिव्हेटर म्हणतात. आजूबाजूचे शेतकरी तिथं धान्य आणतात, आत पट्ट्याला बादल्या लावलेल्या असतात, त्या धान्य वर नेऊन कप्प्यात ओततात, आणि आगगाडी आली की खालून सोडतात. एवढी माहिती मला होती, कारण त्याच्या भाड्याची बिलं मी पास करायचे. मामांनी चष्मा लावून बाराही महिने पाहिले. मग विचारलं, "आत कोण बसतं?" मी म्हटलं, एक माणूस असतो, तोच वजन करतो, तोच प्रत ठरवतो. "एकटा?" मामा म्हणाले. "आणि तो गेला की चार्ज कोण घेतं?"

हे चार्ज प्रकरण आमच्या घरात प्रसिद्ध आहे. गोदामपालाला कोठाराच्या किल्ल्या कुणाच्या तरी हातात दिल्याशिवाय जागा सोडता येत नाही. समोरच्यानं माल बघायचा, "घेतला चार्ज" म्हणायचं, मग पहिला मोकळा. मामा निवृत्त झाले त्या दिवशी हार-तुरे झाले, फोटो झाला, पण त्यांच्या जागी येणारा माणूस आलाच नाही. त्याची बदली कुठंतरी अडकली होती. मामा दुसऱ्या दिवशी डबा घेऊन परत गोदामावर हजर. असे ते अख्खा पावसाळा बिनपगारी जात राहिले. सासूबाई सांगायच्या, खिळ्याला टांगलेला निरोपाचा हार वाळून पाचोळा झाला तरी यांचा निरोप काही होईना. मामांचं एकच म्हणणं, की माल मोकळा सोडून माणूस घरी येतोच कसा.

कॅलेंडरनंतर दोन-चार दिवसांत मामांना आमच्या घरातला बॉम्ब शेल्टर सापडला. टॅम्पिनीसच्या नव्या इमारतींत प्रत्येक फ्लॅटला अशी एक खोली असते, स्वयंपाकघराला लागून, जाड काँक्रीटच्या भिंतींची, वजनदार लोखंडी दाराची. युद्ध झालं तर त्यात जाऊन बसायचं. युद्ध होईपर्यंत सगळे तिथं मोडके पंखे आणि जुने बूट ठेवतात. मामांनी भिंतीवर बुक्की मारून पाहिली. आत जाऊन दार लावून घेतलं. बराच वेळ बाहेर येईनात, तेव्हा लेक घाबरली. बाहेर आले तेव्हा त्यांचा चेहरा सोळा आणे खूश होता. म्हणाले, "उंदराची टाप नाही आत यायची. हे सरकारनं घरोघरी बांधून दिलंय?" मी म्हटलं, हो. "मग यात धान्य का नाही?"

मी सांगितलं की धान्याचं दुकान खाली आहे. ते म्हणाले, बंद पडलं तर? मी म्हटलं, दुसरं आहे. मग त्यांनी विचारलं की या देशात गहू कुठं पिकतो. कुठंच नाही. तांदूळ? तोही नाही, सगळं बाहेरून येतं. मामा खिडकीतून समोरच्या इमारतींच्या रांगांकडे बघत राहिले. "एवढी माणसं," ते म्हणाले, "आणि यांना झोप कशी लागते?"

तर आमच्या कोठाराची स्थापना अशी झाली. रविवारी आम्ही लिटल इंडियात गेलो. मामांनी दुकानातल्या प्रत्येक पोत्यात कोपरापर्यंत हात घातला, दाणे चावले, थुंकले. दुकानदार तमिळ बोलत होता, मामा मराठी बोलत होते, आणि एकमेकांना समजत नाही म्हणून दोघं आवाज वाढवत होते. शेवटी वर्षाचे गहू घेतले. पोती टॅक्सीत चढवताना टॅक्सीवाल्या अंकलनं विचारलं, "यू ओपनिंग शॉप, आह?" लेकीनं त्याला गंभीरपणे सांगितलं, "नो ला. माय ग्रँडफादर सेज वॉर इज कमिंग." मी कपाळाला हात लावला.

आता वर्षाचं धान्य भरायचं म्हणजे आधी त्याला कडक ऊन द्यायला हवं. आमच्याकडे हे गच्चीवर किंवा अंगणात होतं. इथं मामांनी जागा शोधली ती शेजारच्या बहुमजली कारपार्कचा सगळ्यात वरचा मजला. उघडा असल्यामुळे तिथं कुणी फारशा गाड्या लावत नसे. माझ्या लग्नातल्या चादरी अंथरून मामांनी त्यावर गहू पसरले आणि छत्री घेऊन राखणीला बसले. तासाभरात टॅम्पिनीसमधल्या सगळ्या साळुंक्या आणि कबुतरं जमा झाली. पाठोपाठ गळ्यात ओळखपत्र घातलेला एक तरुण आला आणि अदबीनं इंग्रजीत बोलू लागला. लेक दुभाषी होती. तिनं सांगितलं, "आजोबा, तो म्हणतो पक्ष्यांना खायला घालायचं नाही. नॉट अलाउड."

"त्याला सांग," मामा छत्री उगारून म्हणाले, "मी सकाळपासून पाखरांना तेच सांगतोय."

तो तरुण बिचारा थोडा वेळ स्वतःच कबुतरं हाकलायला लागला. तेवढ्यात पाऊस आला. सिंगापूरचा पाऊस आधी कळवत नाही. मी धावत वर पोचले तोवर आमच्या समोरच्या फ्लॅटमधली चिनी आंटी, जी आपल्या गाडीतून भाजी काढायला आली होती, चादरीचं एक टोक धरून मामांबरोबर पळत होती. दुसरं टोक त्या तरुणाच्या हातात होतं. गहू वाचले, पण कोरडे राहिले नाहीत. मामांनी ते मान्य केलं नाही. पुढचा आठवडाभर आमच्या हॉलमध्ये गहू पसरलेले आणि वर पंखे फुल. सोफ्यापर्यंत जायला भिंतीकडेनं एक पायवाट ठेवली होती. मग गव्हाला एरंडेल चोळलं, पोत्यांत कडुनिंबाचा पाला घातला, फळ्यांवर पोती रचली. वारा लागला की कीड लागते म्हणून मामांनी शेल्टरच्या हवेच्या झरोक्यांत माझे जुने पंजाबी ड्रेस कोंबले. मी विचारलं, दमट हवेत असं बंद करून चालेल का? ते म्हणाले, "तू तुझे आकडे बघ."

हे वाक्य ऐकून मला काय आनंद झाला म्हणून सांगू. पाहुणा माणूस असं बोलत नाही.

शेवटी दाराला कुलूप हवं होतं. बॉम्ब अडवणाऱ्या त्या लोखंडी दाराच्या मुठीला मामांनी साखळी गुंडाळली, ती खिडकीच्या गजाला अडकवली आणि आपल्या बॅगेचं पितळी कुलूप काढून तिला लावलं. किल्ली बंडीच्या खिशात, तिकिटाशेजारी. संध्याकाळी मी त्यांच्या खोलीत गेले तर बॅग उघडी आणि कपडे कपाटात. बंद न होणाऱ्या बॅगेत कपडे ठेवून काय उपयोग, असं ते म्हणाले. मी स्वयंपाकघरात जाऊन जरा रडले आणि नवऱ्याचा फोन आला तेव्हा सांगितलं, की तुझे वडील राहणार.

पुढचे काही महिने कोठाराची भरभराट झाली. लिटल इंडियातल्या एका गिरणीत मामा गहू दळून आणायचे. पहिल्या खेपेला त्यांच्या आधी कुणीतरी लाल मिरची दळली होती. ती चपाती खाऊन लेकीच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि मामा तिला म्हणाले की ताज्या पिठाची चव अशीच असते. पुढच्या वेळेपासून मात्र ते गिरणीवाल्याच्या मानेवर बसून आधी मूठभर गहू दळून टाकून द्यायला लावू लागले. चपात्या खरोखर चांगल्या व्हायच्या, हे मी त्यांच्यासमोर फारसं बोलले नाही. पार मरीन परेड भागातून मराठी बायका बघायला यायच्या. तोंडाला रुमाल लावून हसायच्या आणि जाताना गावाहून आणलेली जास्तीची तूरडाळ, ज्वारी "मामा, जरा ठेवाल का तुमच्याकडे" म्हणून देऊन जायच्या. मामा कुणाच्या पिशवीला नाही म्हणत नसत. कॅलेंडर त्यांनी दाराच्या आतल्या बाजूला टांगलं होतं. आणि चहा हवा असला की हॉलमधून हाक यायची, "चहा टाक गं."

डिसेंबरात ऑफिसला कॅलेंडर आलं नाही. मी त्या व्यापाऱ्याकडच्या माणसाला सहज विचारलं. त्यानं सांगितलं की ती लाकडी गोदामं आता पाडताहेत, आगगाडी छोट्या गावात थांबत नाही, फोटो काढायला उरलीत कुठं. मी घरी येऊन मामांना हे सांगितलं. ते म्हणाले, "आणि आतला माणूस?" मला माहीत नव्हतं. माझ्याकडे त्याचा आकडा कधी आलाच नव्हता.

मग एका शनिवारी समोरच्या आंटीनं दार वाजवलं. तिच्या हातात तांदळाचं भांडं होतं आणि तांदूळ हलत होते. नीट पाहिलं तर टोके, म्हणजे धान्यातले बारीक, काळपट किडे, दाण्यांवरून फिरत होते. आंटी अजिबात चिडलेली नव्हती, उलट हसत होती. "सी, सी, वॉकिंग," ती म्हणाली आणि बोटानं तिच्या दारापासून आमच्या दारापर्यंत रेघ काढून दाखवली. त्या रेघेवरूनही दोन-तीन टोके चालले होते.

मामांनी एक टोका तळहातावर घेतला, चष्मा वर करून पाहिला आणि जाऊन कुलूप उघडलं. आतून गरम, आंबूस वाफ आली. पावसात भिजलेले गहू, झरोक्यांत कोंबलेले ड्रेस, इतक्या महिन्यांचा दमट उकाडा. भिंत हलताना दिसत होती. कॅलेंडरवरच्या कॅनडाच्या निळ्या आभाळात टोके फिरत होते. लेक म्हणाली, "आजोबा, सो मेनी!" आणि मी तिला चिमटा काढला.

मामा म्हणाले, "माझ्या हयातीत माझ्या कोठारात असं झालं नव्हतं." आणि खुर्चीवर बसले.

मी त्यांची समजूत घातली. इथली हवाच अशी आहे, टाकून देऊ, नवे आणू. बोलता बोलता माझा तोल गेला आणि मी म्हटलं, गहूच तर आहेत. ते माझ्याकडे बघून शांतपणे म्हणाले, "तुला नुसते गहू वाटणारच. तू ते ओळीत बघतेस." मग म्हणाले, "लोकांनी विश्वासानं माल ठेवला. तो गेला. आता इथं मी कुठल्या तोंडानं राहू?" त्या संध्याकाळी कपाटातले कपडे परत बॅगेत गेले. नवऱ्यानं बोटीवरून फोन करून विनवण्या केल्या, ओरडला, मुलीची शपथ घातली. मामांनी तिकिटाची तारीख पक्की करून घेतली. मरीन परेडच्या बायकांनी डाळ गेली तर गेली म्हणून फोन केले, त्यानं ते अधिकच खचले. मला तर रात्रंदिवस चहात बुडालेलं बिस्किट दिसायला लागलं.

जाईपर्यंत मामा बाहेरच्या कॉरिडॉरमध्ये बसून धान्य चाळत राहिले. आंटी एक स्टूल घेऊन समोर येऊन बसली. तिनं सुक्या लाल मिरच्या आणून दाखवल्या, तांदळात त्या घालायच्या असं हातवारे करून सांगितलं. मामांनी तिला कडुनिंबाचा पाला दिला. तिनं त्यांच्या गव्हात मिरच्या घातल्या, त्यांनी तिच्या तांदळात पाला. भाषा म्हणून दोघांत काही नव्हतं, पण टोक्यांना दोघं आपापल्या भाषेत शिव्या देत होती. वाचलेलं धान्य घट्ट झाकणांच्या डब्यांत गेलं. डबे शेल्टरमध्ये, झरोके मोकळे, दाराला साखळी आणि कुलूप. त्यामुळे मामांच्या बॅगेला कुलूप उरलं नाही. तिला त्यांनी सुतळी बांधली.

विमान दुपारचं होतं. मी रजा घेतली होती. खाली टॅक्सी येऊन उभी राहिली, लेक बॅग घेऊन लिफ्टपाशी गेली, आंटी निरोप द्यायला तिच्या दारात उभी राहिली. मामा बूट घालून तयार होते. त्यांनी मला आत बोलावलं, शेल्टरचं दार उघडलं आणि एकेक डबा दाखवला. हे गहू. ही डाळ मरीन परेडची. ही ज्वारी आधी संपव. कोपऱ्यात बघ, आता एकही नाही. मग दार लावून त्यांनी कुलूप घातलं आणि किल्ली माझ्यापुढे धरली.

"घे चार्ज," ते म्हणाले.

मी हात पुढे केलाही होता. इतके दिवस मी रडून, चिडून, नवऱ्याकडून फोन करवून थकले होते, आणि ही एवढी सरळ गोष्ट मला सुचली नव्हती. मी हात मागे घेतला.

"मी नाही घेत."

"असं काय करतेस. टॅक्सी उभी आहे."

"असू दे. मी चार्ज घेत नाही."

मामा किल्ली हातात धरून बाहेर कॉरिडॉरमध्ये आले. मग त्यांनी लिफ्टपाशी उभ्या असलेल्या नातीकडे पाहिलं. तिनं काय चाललंय ते ओळखून दोन्ही हात पाठीमागे घेतले. "कॅनॉट, आजोबा," ती म्हणाली. मामा वळले आणि त्यांनी किल्ली थेट समोरच्या आंटीपुढे धरली. आंटीनं वाकून, तिच्या रीतीप्रमाणे आदरानं दोन्ही हात पुढे केले. मी मामांच्या पाठीमागून जोरजोरात मान हलवली. आंटीनं माझ्याकडे पाहिलं, मामांकडे पाहिलं, मग सुतळी बांधलेल्या बॅगेकडे पाहिलं. ती हसली, हात खाली घेतले आणि आपल्या घरात जाऊन दार लावून घेतलं.

खालून टॅक्सीचा हॉर्न वाजला. मामा कॉरिडॉरच्या मधोमध उभे होते, किल्ली पुढे धरून, आणि घ्यायला कुणी नव्हतं.

"असं केल्यावर मी जाऊ कसा?" ते म्हणाले.

"नका जाऊ," मी म्हटलं.

मामांनी किल्ली बंडीच्या खिशात टाकली, खाली वाकून बूट काढले आणि जागेवर ठेवले. "त्या टॅक्सीवाल्याला वर बोलाव," ते आत जाता जाता म्हणाले. "तसाच कोरडा कसा पाठवायचा. चहा टाक गं, माझ्यासाठी पण."